घड्याळ पुढें केलेलें यंत्र

घड्याळ पुढें करून ठेवण्याची चाल आपल्या लोकांत फार जुनी आहे. मध्यमवर्गीय दिवाणखान्याच्या भिंतीवर टांगलेलें घड्याळ सहसा पांचदहा मिनिटें पुढें असतें, आणि तें पुढें आहे ही गोष्ट घरांतील लहानथोर सर्वांस पक्की ठाऊक असते. गाडी चुकूं नये म्हणून केलेली ही योजना. परंतु घड्याळाकडे पाहणारा प्रत्येक जण मनांतल्या मनांत तीं दहा मिनिटें वजा करूनच पायांत चपला घालतो, आणि गाडी चुकावयाची असली तर ती चुकतेच. कांटा पुढें सरकविल्यानें काम पुढें सरकत नाहीं, हा व्यवहारांतला सिद्धांत होय. त्याला अपवाद असलेलें एक यंत्र गेल्या वर्षीं आमच्या घरांत आलें. याचें घड्याळ पुढें केलें म्हणजे काम खरोखरच लवकर होतें. आणि गाडी चुकते ती निराळ्याच ठिकाणीं.

हें यंत्र म्हणजे आमच्या चिरंजीवांचा खेळ खेळण्याचा कॉम्प्युटर. नोकरीच्या पहिल्या वर्षाच्या पगारांतून त्यांनीं तो एकेक भाग निवडून स्वतःच्या हातांनीं जुळविला. एवढ्या रकमेंत आमच्या पिढीनें काय काय केलें असतें याचा हिशेब आम्हीं त्यांस ऐकविला नाहीं; वडिलांनीं न ऐकविलेले हिशेब मुलांना बहुधा तोंडपाठच असतात. पेटीची एक बाजू कांचेची आहे. आंत निळेजांभळे दिवे लागतात, मधोमध एक गोल ठोकळा बसविलेला आहे, आणि त्यांतून बोटाएवढ्या जाडीच्या दोन काळ्या नळ्या निघून पेटीच्या छताशीं असलेल्या एका लांबट जाळीला जाऊन मिळतात. जाळीला तीन पंखे. या नळ्यांतून पाणी फिरतें असें ऐकून शेजारच्या आजींनीं, 'मग यांत मासे कधीं सोडणार?' असा प्रश्न केला, तो अगदींच अप्रस्तुत होता असें आम्हांस वाटत नाहीं.

चिरंजीव ज्या उद्योगांत रात्रींच्या रात्रीं घालवूं लागले त्याला ओव्हरक्लॉकिंग असें नांव आहे. याला 'अतिस्पंदन' म्हणावें अशी सूचना आमच्या एका स्नेह्यांनीं केली. परंतु तो शब्द कानीं पडतांच हृदयरोगाचे डॉक्टर आठवतात, म्हणून तूर्त आम्ही इंग्रजी शब्दावरच निभावून नेतों. प्रकार असा आहे. प्रत्येक प्रोसेसरला चालावयास एक ठोका लागतो. स्फटिकाच्या स्थिर कंपनांपासून १०० मेगाहर्ट्झचा, म्हणजे सेकंदास दहा कोटींचा, मूळ ठोका सिद्ध होतो, आणि प्रोसेसर आंतल्या आंत त्याची पट करून घेतो. पट ५५ असली तर वेग ५.५ गिगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदास साडेपांचशें कोटी ठोके. अशा एका ठोक्याच्या अवधींत प्रकाशदेखील साडेपांच सेंटीमीटरांपलीकडे जात नाहीं. तेवढ्या वेळांत असंख्य सूक्ष्म दरवाजांनीं उघडावयाचें किंवा मिटावयाचें, आणि पुढचा ठोका पडण्यापूर्वीं आपआपल्या जागीं स्थिर व्हावयाचें असतें. एखादा दरवाजा अर्धवट उघडा असतांनाच पुढचा ठोका पडला, म्हणजे एकाच्या ठिकाणीं शून्य वाचलें जातें. यंत्राच्या चुकीचें मूळ बहुधा एवढेंच असतें.

कारखाना जो वेग पेटीवर छापतो तो कांहीं त्या तुकड्याचा परम वेग नव्हे. एकाच साच्यांतून निघालेले तुकडे एकसारखे नसतात. कांहीं चपळ निघतात, कांहीं मंद. त्यांतल्या मंद तुकड्यानेंहि, उकाड्याच्या खोलींत, वर्षानुवर्षें, बिनचूक काम केलें पाहिजे अशी हमी द्यावयाची असल्यामुळें छापील वेग थोडा हात राखूनच ठरविलेला असतो. हा राखलेला हात सोडवून घेणें म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. आपल्या वांट्याला चपळ तुकडा आला कीं मंद, हें मात्र सोडतींतल्या चिठ्ठीसारखें आहे. फोडून पाहिल्याशिवाय कळत नाहीं.

ही शिल्लक एके काळीं फारच मोठी असे. १९९८ सालीं इंटेलनें सेलेरॉन ३००ए नांवाचा एक स्वस्त प्रोसेसर काढला. त्याची पट साडेचारावर कायम केलेली आणि मूळ ठोका ६६ मेगाहर्ट्झचा. म्हणून वेग ३००. हौशी लोकांच्या लक्षांत आलें कीं मूळ ठोकाच १०० चा केला तर तोच तुकडा ४५० नें, म्हणजे दीडपट वेगानें, बहुधा बिनतक्रार धांवतो. आम्ही त्या वेळीं नुकतेच कॉलेजांत लागलों होतों, आणि प्रयोगशाळेंतील एक विद्यार्थी ही हकीगत, एखाद्यानें गुप्तधनाची सांगावी, तशी दबलेल्या आवाजांत सांगत असे. परंतु असे दिवस फार टिकले नाहींत. वेग वाढवीत वाढवीत कारखानदार ४ गिगाहर्ट्झच्या उंबरठ्यावर आले आणि तेथें उष्णतेनें त्यांची वाट अडविली. इंटेलनें ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ काढण्याचा बेत ऑक्टोबर २००४ मध्यें रद्द केला, आणि तिचे मुख्याधिकारी क्रेग बॅरेट यांनीं अमेरिकेंतील एका परिषदेंत, थट्टेनें कां होईना, व्यासपीठावर गुडघे टेकून त्याबद्दल क्षमा मागितली. ४ गिगाहर्ट्झ हा मूळ वेग असलेला त्या कंपनीचा आय७-४७९०के बाजारांत आला तो २०१४ मध्यें.

त्यानंतरचा इतिहास आम्हांस अधिक बोधप्रद वाटतो. स्पर्धेच्या रेट्यानें कारखाने ती राखीव शिल्लक आपणच खर्च करूं लागले. २०२३ च्या आरंभीं ६ गिगाहर्ट्झपर्यंत उसळी घेणारा प्रोसेसर दुकानांत मिळूं लागला. म्हणजे पूर्वीं गिऱ्हाईक जें चोरून करीत असे तें विक्रेता उघडपणें करून देऊं लागला. पुढें इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढींतील कांहीं डेस्कटॉप प्रोसेसरांवर खेळ मध्येंच बंद पडूं लागले. २०२४ सालीं, बऱ्याच तपासाअंतीं, कंपनीनें जाहीर केलें कीं वाजवीपेक्षां अधिक व्होल्टेज आणि तापमान यांमुळें आंतील घड्याळाचा ठोका वाहून नेणारें मंडलच बिघडतें. दुरुस्तीचा मायक्रोकोड ऑगस्टमध्यें आला, हमीची मुदत दोन वर्षांनीं वाढली. परंतु एकदां झिजलेला तुकडा मायक्रोकोडनें पूर्ववत् होत नाहीं. झीज हा शब्द येथें अलंकारिक नाहीं. सूक्ष्म तारेंतून जोराचा प्रवाह वाहूं लागला म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या धक्क्यांनीं धातूचे अणु हळूहळू जागा सोडतात, आणि प्रवाहाची दाटी व उष्णता वाढली कीं तारेचें आयुष्य किती झपाट्यानें घटतें याचें समीकरण जेम्स ब्लॅक यांनीं १९६९ सालींच मांडून ठेवलें आहे. द्रवरूप हीलियम ओतून २०२२ सालीं एका प्रोसेसरला ९ गिगाहर्ट्झपलीकडे नेण्यांत आलें होतें खरें. परंतु ती सर्कशींतली उडी झाली, रोज जिना चढण्याची रीत नव्हे.

आतां या उष्णतेविषयीं. वेग वाढविला म्हणून उष्णता त्या मानानेंच वाढली असती तर फारसें बिघडलें नसतें. पण वाढलेल्या ठोक्याबरोबर दरवाजे वेळेवर हलावेत म्हणून व्होल्टेज वाढवावें लागतें, आणि उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. वेगांत शेंकडा पांचांची भर घालण्यासाठीं व्होल्टेज शेंकडा दहांनीं वाढवावें लागलें, तर उष्णता शेंकडा सत्तावीसांनीं वाढते. पांच मिळवून सत्तावीस द्यावयाचे, असला व्यवहार सावकाराच्या दारांतहि होत नसेल. उच्च प्रतीच्या प्रोसेसरमध्यें अडीच चौरस सेंटीमीटरांच्या तुकड्यांतून अडीचशें वॅट उष्णता बाहेर काढावयाची असते. हजार वॅटची घरगुती इस्त्री घ्या. तिचा तळ सुमारें दोनशें चौरस सेंटीमीटरांचा धरला, तर जागेच्या मानानें प्रोसेसरची धग तिच्या वीसपट भरते.

येथें पाणी उपयोगी पडतें. या पाण्याविषयीं लोकांच्या मनांत, आणि कांहीं अंशीं चिरंजीवांच्याहि मनांत, एक गोड गैरसमज असतो. पाणी म्हटलें कीं आपल्याला माठ आठवतो. माठांतलें पाणी खोलीपेक्षां गार असतें, तें कां? तर माठ पाझरतो, पाझरलेल्या पाण्याची वाफ होते आणि ती वाफ उरलेल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. थोडें पाणी स्वतः नाहींसें होतें म्हणून बाकीचें गार राहतें. या यंत्रांतल्या बंद नळ्यांतून कांहींच पाझरावयाचें नसतें. पाझरलें तर अनर्थ! म्हणून हें पाणी खोलीच्या तापमानाखालीं कधींच जाऊं शकत नाहीं. तें गार करीत नाहीं, वाहून नेतें. पाणी हा उत्तम हमाल आहे. सारख्याच घनफळाच्या हवेपेक्षां तें सुमारें साडेतीन हजारपट उष्णता उचलतें. मिनिटाला एक लिटर पाणी फिरत असलें तर अडीचशें वॅटांचें ओझें घेऊनहि तें एका फेरींत साडेतीन अंशांच्या आसपासच तापतें. पण हमालानें उचललेलें ओझें कोठें तरी उतरवावें लागतें, आणि तें उतरतें आमच्याच खोलींत. 'यंत्र गार राहावें म्हणून खोलींत शेगडी पेटवून ठेवली आहे', असें आमच्या सौभाग्यवतींनीं एका वाक्यांत सांगितलें. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम आम्ही वर्गांत दोन तास घेऊन शिकवितों.

यावरून एक गोष्ट निघते, आणि ती पुण्यासारख्या गांवीं फार महत्त्वाची आहे. यंत्र पूर्ण जोरानें चाललें असतां त्याचें तापमान खोलीपेक्षां अमुक अंशांनीं वर राहणार हें जवळजवळ ठरलेलें असतें. डिसेंबरच्या रात्रीं खोली २० अंशांवर असतां प्रोसेसर ८६ वर स्थिर राहिला, तर मे महिन्याच्या दुपारीं खोली ३५ वर गेली असतां तोच १०१ वर जाऊं पाहील. तेथें १०० ही सीमा असली, तर यंत्र जीव वांचविण्यासाठीं आपण होऊन वेग कमी करतें. हिंवाळ्यांत साधलेला वेग हा असा हिंवाळ्यापुरताच असतो. दिवाळीच्या सुटींत ज्यानें आपला विक्रम वहींत लिहून ठेवला त्यानें तो पाडव्यानंतर पुन्हां एकदां तपासून पाहावा.

नळ्यांसंबंधीं थोडें सांगून पुढें जातों. स्वतः नळ्या जोडून पाणी भरणाऱ्यांनीं नळाचें पाणी वापरूं नये, तांबें आणि ॲल्युमिनियम एकाच फेऱ्यांत आणूं नये, कारण दोन धातु आणि मध्यें पाणी म्हणजे विजेचा घटच होतो आणि ॲल्युमिनियम खाल्लें जातें. आणि विजेचे बाकीचे भाग चालूं करण्यापूर्वीं नुसता पंप दिवसभर चालवून, सांध्यांखालीं कागद पसरून, थेंब पडतो कीं काय तें पाहावें. आमच्या घरीं आहे तशा मोहोरबंद संचांत ही यातायात नाहीं. मात्र त्यांत थोडी हवा असतेच, आणि हवा वर जाते. म्हणून जाळीचा वरचा भाग पंपाहून उंच राहील अशीच मांडणी पाहिजे. नाहींतर हवेचा बुडबुडा पंपांत अडकतो आणि यंत्र हुक्क्यासारखें गुडगुडूं लागतें.

एवढी सगळी खटपट कशासाठीं? चिरंजीव म्हणाले, 'बाबा, खेळ स्मूथ चालावा म्हणून.' या 'स्मूथ' शब्दाला मराठींत आम्ही 'लयदार' म्हणूं, आणि तो भाषांतराच्या हट्टानें नव्हे. पडद्यावरचा खेळ म्हणजे एकामागून एक येणारीं स्थिर चित्रें. सेकंदास साठ चित्रें आलीं तर प्रत्येकाला सुमारें १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ आलीं तर जेमतेम सात. साधारण लोक सरासरी पाहतात, आणि सरासरी मनुष्याला कशी फसविते तें पहा. एका सेकंदांत नव्याण्णव चित्रें प्रत्येकीं नऊ मिलिसेकंदांत आलीं आणि शंभरावें एकशें नऊ मिलिसेकंद अडून राहिलें. सरासरी बरोबर शंभर! परंतु खेळणाऱ्याला दर सेकंदाला एक ठेंच लागली, ती त्या शंभराच्या आंकड्यांत कोठें दिसत नाहीं. याच्या उलट, दर चित्राला न चुकतां १६.७ मिलिसेकंद घेणारें साठाचें यंत्र डोळ्यांस सुखाचें वाटतें. तबलजी द्रुत लयींत किती मात्रा वाजवितो यावर आपण मान डोलावीत नाहीं. तो समेवर बिनचूक येतो, दोन मात्रांमधलें अंतर राखतो, म्हणून डोलावतों. चौगुनींत शिरून सम हुकविणाऱ्यापेक्षां मध्यलयींत शेवटपर्यंत टिकणारा साथीदार गवयाला हवा असतो. वेग वाढवितांना ज्यानें यंत्राला उष्णतेच्या सीमेवर नेऊन ठेवलें, त्यानें लयीसाठीं खटपट करून लयच घालविली. कारण सीमेवरचें यंत्र क्षणांत पुढें जातें, क्षणांत मागें येतें.

इथवर हा सारा खेळाचा मामला होता, आणि खेळांत ठेंच लागली तर फार तर खेळणारा हरतो. परंतु आमच्या घरांत त्याच यंत्रावर दुसरें एक काम चालत असे. आमची कन्या संख्याशास्त्राची एम्.एस्सी.ची विद्यार्थिनी. तिच्या प्रबंधांत यदृच्छ संख्या घेऊन एकच प्रयोग लाखों वेळां करून पाहण्याची जी मॉन्टे कार्लो पद्धति आहे, तिच्या आधारानें बरेंचसें गणित होतें. दादा निजला कीं यंत्र तिच्या स्वाधीन होई आणि पहांटेपर्यंत आंकडे मोजीत बसे. या पद्धतींतल्या संख्या यदृच्छ म्हटल्या तरी त्या एका बीजसंख्येपासून ठरलेल्या क्रमानें निघतात. बीज तेंच ठेवलें आणि कामाचा क्रम बदलूं दिला नाहीं, तर उत्तर शेवटच्या अंकापर्यंत तेंच आलें पाहिजे. प्रबंध द्यावयास तीन आठवडे उरले असतां तिनें चौथें कोष्टक सहज पुन्हां काढून पाहिलें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही चहा घेत असतां ती दोन कागद घेऊन आली. बीज एकच, रात्री दोन, आणि उत्तरें तिसऱ्या दशांशस्थळीं निरनिराळीं.

'दादा, तुझ्या यंत्रानें माझी बेरीज चुकविली', ती म्हणाली.

'अगं, कांहीं तरीच काय! काल चार तास खेळलों, एकदांहि अडकलें नाहीं', चिरंजीवांचें उत्तर.

'तुझ्या खेळांत आभाळाचा एक ठिपका निळ्याऐवजीं हिरवा झाला तर कोण पाहतो? सात मिलिसेकंदांनीं तो पुसलाच जातो. माझा ठिपका पुसला जात नाहीं. तो पुढच्या बेरजेंत जातो.'

हें ऐकून आम्ही चहाचा पेला खालीं ठेवला. पंचवीसतीस वर्षें आम्ही मापनांतल्या चुका हा विषय शिकवीत आहों, पण इतक्या थोडक्या शब्दांत तो आमच्याकडून मांडला गेल्याचें स्मरत नाहीं. दोन्ही अपत्यें आमच्याकडे न्यायाधीशाकडे पाहावें तशीं पाहूं लागलीं. आम्हीं एवढेंच सांगितलें, कीं वाद घालण्यापेक्षां प्रयोग करा: वेग छापील ठेवून तेंच कोष्टक तीन रात्रीं काढा, मग वेग वाढवून तीन रात्रीं काढा, आणि कागद शेजारीं शेजारीं ठेवा. 'आधीं माझी परीक्षा', असें म्हणून चिरंजीवांनीं त्याच संध्याकाळीं प्राइम९५ नांवाचा कार्यक्रम लावला. हा मूळचा मर्सेन मूळसंख्या शोधण्याचा, १९९६ सालापासूनचा; पण त्यांतल्या प्रदीर्घ गुणाकारांत एक अंकहि चुकला तर तो तत्काळ लक्षांत येत असल्यामुळें यंत्राची सत्त्वपरीक्षा पाहण्याकडे त्याचा उपयोग जगभर होतो. मूळसंख्यांच्या नादीं लागलेल्यांचें देणें खेळाडूंच्या उपयोगीं पडावें, हा योग गंमतीचाच! चाळीस मिनिटांनीं एका गाभ्यानें चूक केल्याची ओळ पडद्यावर आली. चिरंजीव बराच वेळ त्या ओळीकडे पाहत बसले. नंतर त्यांनीं आपण होऊन वेग छापील आंकड्यावर आणला आणि यंत्राची किल्ली (किल्ली म्हणजे अर्थात् संकेतशब्द) बहिणीच्या हवालीं केली. छापील वेगावर तीन रात्रींचीं तीन उत्तरें शेवटच्या अंकापर्यंत जुळलीं. वाढविलेल्या वेगाचे कागद काढण्याची गरज उरली नाहीं, कारण ते आधींचेच तयार होते.

प्रश्न राहिला तो आधींच्या कोष्टकांचा. त्यांतलीं कोणतीं खरीं आणि कोणतीं खोटीं हें सांगण्यास कांहींहि साधन नव्हतें. चांगल्या यंत्रानें बंद पडावें. बंद पडलेलें यंत्र निदान खोटें बोलत नाहीं. हें तर अखंड चालत होतें, दिवे लावून, पंखे फिरवून, आणि अधूनमधून एखाद्या अंकाचें असत्य सांगत होतें. कन्येनें अकराच्या अकरा कोष्टकें नव्यानें काढावयास घेतलीं. एका रात्रीस एक याप्रमाणें अकरा रात्री गेल्या. त्या अकरा रात्रींत चिरंजीवांनीं खेळाचें नांव काढलें नाहीं. उलट पहांटे उठून तेच पाण्याचें आणि प्रोसेसरचें तापमान वहींत टिपून ठेवीत. अकरांपैकीं नऊ कोष्टकें जशींच्या तशीं निघालीं, दोन बदललीं, आणि त्या दोहोंपैकीं एकावर प्रबंधांतला एक निष्कर्ष उभा होता. तो तिनें काढून टाकला. प्रबंध वेळेवर गेला.

यानंतर चिरंजीवांनीं ओव्हरक्लॉकिंग सोडून दिलें असें वाचकांस वाटेल, पण तसें झालें नाहीं, आणि तसें व्हावें अशी आमचीहि इच्छा नव्हती. जी विद्या नीट करतां येते ती एका ठेंचेपायीं टाकून कां द्यावी? बदलली ती रीत. पूर्वीं ते पट, व्होल्टेज आणि स्मृतीचा वेग हीं तीन्ही एकदम वाढवीत. त्यामुळें बिघडलें तर कशानें बिघडलें तें कळत नसे. आतां आरंभीं आठवडाभर छापील वेगावरचीं तापमानें लिहून घेतलीं, मग पट एकानें वाढविली, रात्रभर परीक्षा, मग पुढची पायरी. स्मृतीची परीक्षा निराळी, तिच्यांत प्रोसेसरला हात लावावयाचा नाहीं. व्होल्टेज किती वाढवावयाचें याची मर्यादा त्यांनीं आधींच कागदावर लिहून पडद्याच्या कडेस चिकटविली आहे. मोहाच्या वेळीं मर्यादा ठरवूं गेल्यास ती मोहच ठरवितो. ज्या पायरीवर पहिली चूक आली तिच्याखालीं एक नव्हे, दोन पायऱ्या उतरून ते थांबले: एक पायरी उन्हाळ्यासाठीं आणि एक झिजेसाठीं. सगळें मिळून छापील वेगाहून शेंकडा तिनांची वाढ पदरांत पडली. एवढ्यासाठीं एवढें, असें आम्हीं विचारलें असतां ते म्हणाले, 'बाबा, हे तीन माझे आहेत.' यावर काय बोलणार!

खरी सुधारणा मात्र दुसरीकडूनच झाली. कांहीं दिवसांनीं त्यांनीं उलटाच प्रयोग केला. वेग तोच ठेवून व्होल्टेज हळूहळू कमी करीत नेलें, प्रत्येक पायरीला तीच रात्रभराची परीक्षा घेतली, आणि खेळाच्या चित्रांना सेकंदास १२० ची मर्यादा घातली. यंत्र नऊ अंशांनीं उतरलें, पंख्यांचा आवाज बसला, आणि चित्रागणिक लागणाऱ्या वेळाची जी रेघ पूर्वीं करवतीच्या दांत्यांसारखी दिसे ती साडेआठ मिलिसेकंदांच्या आंत जवळजवळ सरळ झाली. ही रेघ त्यांनीं छापून आपल्या टेबलाशीं लावली आहे. आलेल्यागेलेल्यांस तें एक साधें आडवें रेघाटन दिसतें. चिरंजीव तें दाखवितांना मात्र, कोणी पदक दाखवावें तसे, किंचित् मागें सरून उभे राहतात.

प्रबंधाच्या परिशिष्टांत कन्येनें एक ओळ घातली आहे: सर्व आंकडेमोड छापील वेगावर केली असून प्रत्येक कोष्टक दोनदां पडताळलें आहे. आभारप्रदर्शनांत दादाचें नांव मार्गदर्शकांच्या नांवानंतर आणि आमच्या नांवाआधीं आलें आहे. त्याबद्दल आमची तक्रार नाहीं. सध्यां तिला एका संशोधनसंस्थेंत काम मिळालें आहे, पण रात्रींचे आंकडे अजून घरच्याच यंत्रावर चालतात. एप्रिल लागला आहे. दुपारीं यंत्राच्या खोलींतला पारा ३४ वर असतो, आणि या दोन महिन्यांपुरती आणखी एक पायरी उतरावी कीं नाहीं याविषयीं बहीणभावांचीं बोलणीं जेवणाच्या पाटावर चालूं आहेत. चिरंजीव अर्ध्या पायरीवर यावयास तयार आहेत.